कात्री कोणाच्या नावावर चालली?

'एखाद्या समाजाच्या भावना दुखावत असतील तर चित्रपट थांबवलेलाच बरा' हे चित्रपटांवरच्या बंदीविषयी वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. 'फुले' चित्रपटाचंच बघा. ११ एप्रिल २०२५ ला, जोतिरावांच्या जयंतीला येणारा हा चित्रपट काही ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपांनंतर २५ एप्रिलला आला. सेन्सॉर बोर्डाने तर त्यातून 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले होते. ज्यांनी सोसलं त्यांचीच नावं गाळायची, तीही फुल्यांच्या चित्रपटातून? संताप येतो.

पण न आवडणाऱ्या चित्रपटालाही हाच न्याय हवा. 'ओरे ओरु ग्रामत्तिले' हा तमिळ चित्रपट जातीनिहाय आरक्षणाच्या विरोधात होता. तो विचार मला चुकीचा वाटतो. मद्रास उच्च न्यायालयाने त्याचं प्रमाणपत्र रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ते परत दिलं आणि निदर्शनांच्या, हिंसेच्या धमक्यांपुढे अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असं बजावलं. ते योग्यच झालं.

हिंदी सिनेमातली कामवाली बाई हटकून मराठी असते, याचा मलाही राग येतो. त्यावर लिहावं, बोलावं, तिकीट काढू नये. दंगलीला चिथावणी देणाऱ्यांसाठी कायदा आहेच.

आणि एक. बोर्डाविरुद्ध दाद मागायचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. आता थेट उच्च न्यायालय. छोट्या निर्मात्याला ते परवडत नाही, म्हणून तो पटकथा लिहितानाच हात आखडता घेतो. लेखात याबद्दल एक ओळही नाही.