नळांचा रकाना

सोसायटीचे खजिनदारपद माझ्या गळ्यात पडले, तेव्हा त्यासोबत आधीच्या खजिनदारांनी इंटरनेटवरून उतरवून घेतलेले, हिशेबाच्या एक्सेल शीटचे एक देखणे टेम्प्लेटही आले. त्यात जलतरण तलावासाठी रकाना होता, बर्फ उपसण्याच्या खर्चासाठीही होता. पाण्याच्या टँकरसाठी मात्र नव्हता. दीड लाखाची शिल्लक १५०,००० अशी, स्वल्पविराम भलत्याच जागी घालून दाखवणाऱ्या हिशेबावर पुण्यातला सभासद विश्वास ठेवील, ही आशाच फोल. शिवाय पहिल्या इमारतीतील चौथा फ्लॅट ‘१-४’ असा लिहिताच शीटने ती तारीख समजून तेथील काकांची नोंद ‘१ एप्रिल’ अशी केली आणि पावतीही तशीच निघाली. (याला हसू नये. एक्सेलच्या याच खोडीपायी ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ यांसारख्या मानवी जनुकांची नावे बदलल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. आमच्या काकांनी मात्र फ्लॅट बदलण्यास साफ नकार दिला.)

तेव्हा कोरी शीट उघडली आणि आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराची नमुना नियमावली, शेजारी ठेवून रकाने स्वतःच आखायला घेतले. लिफ्टचा खर्च, ती वापरा अथवा न वापरा, सर्वांना समान. त्यामुळे तळमजल्यावरील मंडळी दुखावली, पण सूत्र सोपे झाले. भाडेकरू ठेवणाऱ्यांकडून घ्यायचे सेवाशुल्काचे १० टक्केही एका ‘इफ’मध्ये, म्हणजे अट तपासणाऱ्या सूत्रात, बसले. खरी कसोटी पाण्याची होती, कारण पाणीपट्टी घरातील नळांच्या संख्येवर आणि आकारावर आकारायची असते, आणि मी पाहिलेल्या एकाही टेम्प्लेटमध्ये ‘नळ’ हा रकाना नव्हता. मी तो मोठ्या अभिमानाने आखला. त्यात भरायचे आकडे मिळवण्यासाठी दारोदार हिंडलो, तेव्हा कळले की वॉशिंग मशीनचा नळ हा मुळी नळच नव्हे, बाल्कनीतला नळ ‘तसा बंदच असतो’, आणि एका आजींच्या मते गळका नळ अर्धाच धरायला हवा. शेवटी त्या रकान्याला लागून ‘शेरा’ नावाचा आणखी एक रकाना काढावा लागला. शीटमधला सर्वांत रुंद रकाना आता तोच आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेत शीट पडद्यावर झळकली, बेरजा जुळल्या, लेखापरीक्षकांनीही मान डोलावली. मग नव्या खजिनदाराच्या निवडीचा विषय निघाला. ‘यांची शीट यांच्याशिवाय कोणाला कळणार?’ असे अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांची सूचना मांडून होण्याआधीच तळमजल्यावरच्या मंडळींनी तिला एकमुखाने अनुमोदन दिले.