सरांचा सायन्स शो

चुरमुऱ्याच्या सुशीलाच्या ताटल्या रिकाम्या होऊन दुसरा चहा सांगून झाला होता, तेवढ्यात सर आले.

सर म्हणजे आमच्याच वर्गातला. दहावीला पाशाभाईच्या मागं बसायचा, पाशाभाईच्याच पेपरात बघायचा. आता नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवतो आणि घरी बायकोशीसुद्धा 'पॉइंट नंबर वन' करून बोलतो, असं आमचं ठाम मत आहे. वहिनींनी ते अजून नाकारलेलं नाही.

हातात मोबाइल, मोबाइलात फ्लेक्सचं डिझाइन. ॲडमिशनच्या सीझनला क्लासचा 'लाइव्ह सायन्स शो'. लिक्विड नायट्रोजन, हायड्रोजनचे फुगे, पाण्यात सोडियम, शेवटी मोठा भडका. फ्लेक्सवर सरांचा हात कोपरापर्यंत पेटलेला, चेहऱ्यावर नवरदेवासारखं हसू.

"कार्बाइडची बंदूक तेवढी राहिली की," पाशाभाई म्हणाला.

पाइपात कार्बाइड अन् पाणी घालून उडवायच्या त्या बंदुकीनं दिवाळीत भोपाळला पोरांच्या डोळ्यांना इजा झाली होती. ते कुणीच विसरलं नव्हतं, त्यामुळं क्षणभर कुणी हसलं नाही. पाशाभाईच्या वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात कार्बाइडचा डबा असायचा. झाकण ओल्या हातानं उघडलं म्हणून भाईनं लहानपणी मार खाल्लाय. "आमच्याकडं शेतात वानरं हाकलायला पाइप लावतेत, ते वेगळं. ही पोरं रील बघून करायलेत. उडालं नाही की आत वाकून बघतेत, का उडंना म्हणून. अन् मग उडतंय."

"ते अनसायंटिफिक," सर म्हणाले. "आपलं सुपरवाइज्ड आहे. पॉइंट नंबर वन, पोरांना सायन्सची गोडी कशानं लागते? धडाम झाल्यानं. टीव्हीवर मिथबस्टर्सचे प्रयोग बघून अमेरिकेत पोरं इंजिनिअर झाली. अन् प्रत्येक वेळी सांगायचे ते, घरी करू नका म्हणून."

गुरुजी इतका वेळ बशीतला चहा फुंकत होते. आम्हा सगळ्यांना सायन्स त्यांनीच शिकवलंय, म्हणजे त्यांच्याकडून प्रयत्न झाला होता. "त्यांचाच तोफगोळा सुटला होता ना?" ते म्हणाले. "2011, डिसेंबर. कॅलिफोर्नियात. बॉम्बस्क्वॉडच्या मैदानावर उडवला, तो उसळून गावात गेला. एका घरात शिरून पलीकडच्या भिंतीतनं बाहेर, रस्ता ओलांडून दुसऱ्या छपरावर, अन् तिथनं एका गाडीत. नशीब, कुणाला लागलं नाही."

"बघा," पाशाभाई म्हणाला, "घरी करू नका म्हणले ना? मग दुसऱ्याच्या घरी केलं."

सर हसले नाहीत. सरांना विनोद कळायला फॉर्म्युला लागतो.

"भाई, तू गॅरेजवाला. क्रॅश टेस्ट तुला तरी पटायला पाहिजे. 2014 ला गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपनं आपल्याकडच्या पाच गाड्या 64 च्या स्पीडनं ठोकल्या. पाचीच्या पाची झीरो स्टार! तो व्हिडिओ लोकांनी बघितला, ओरड झाली, म्हणून 2023 ला आपलं भारत एनकॅप आलं. धडामनंच झालं ना?"

हे मात्र बरोबर होतं. सरांच्या तोंडून बरोबर गोष्ट निघाली की आमच्या कट्ट्यावर जरा अस्वस्थता पसरते.

पाशाभाईनं कप खाली ठेवला. "ठोकून लिहून ठेवलं त्यांनी. दार उघडतंय का, स्टिअरिंग छातीत येतंय का, पाय कुठं अडकतेत. ती टेस्ट. नुसतं ठोकायचं काम माझं गिऱ्हाईक रोज फुकटात करतंय. तू तुझ्या भडक्यात काय लिहिणार? ॲडमिशन किती झाल्या?"

त्यावर गुरुजींनी टेक्सासची गोष्ट काढली. ती आम्ही आठवीपासून ऐकतोय, पण चहा त्यांच्या नावावर होता. 1896 चा सप्टेंबर. क्रश नावाच्या रेल्वेच्या साहेबानं जाहिरातीसाठी दोन इंजिनं समोरासमोर सोडली. माळावर तात्पुरतं स्टेशन उभं केलं, बघायला चाळीसेक हजार माणूस. खेळ फुकट, फक्त तिथं जायचं तिकीट काढायचं. बॉयलर काही फुटायचे नाहीत असं सांगितलेलं. दोन्ही फुटले. लोखंडाचे तुकडे गर्दीत, किमान दोन माणसं गेली, फोटो काढणाऱ्याचा एक डोळा गेला. साहेबाला त्याच संध्याकाळी काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत घेतलं.

"काय मोजलं त्यांनी?" पाशाभाईनं विचारलं.

"तिकिटं."

"आपल्या बार्शी लाइटच्या दोन गाड्या सोडायच्या होत्या गुरुजी. धडकायच्या आधी डायवर उतरून, चहा पिऊन, सोयरीक जमवून आले असते."

त्या जुन्या संथ नॅरोगेज रेल्वेवर मग पाच मिनिटं गेली. कुणी चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढलंय, त्याच्या नेहमीच्या गोष्टी. दरवेळी बोरं वाढतात.

सर मागं हटेनात. त्यांनी मोबाइल चाळून लिफ्टवाला ओटिस काढला. 1854, न्यूयॉर्कचं प्रदर्शन, उंचावरच्या पाळण्याचा दोर सगळ्यांसमोर तोडला आणि पाळणा जागच्या जागी अडकला. "हा पण तमाशाच ना?"

"तमाशाच," गुरुजी म्हणाले. "पण पाळण्यात तो स्वतः उभा होता."

"मग सर, तू उभा राहा की सोडियमच्या बादलीत," पाशाभाई म्हणाला. "तसा जुना अनुभव हाय तुला."

आता हे निघणारच होतं. दहावीला शाळेच्या हौदात सोडियमचा खडा पडला, हौदाचा काठ उडाला. टाकला सरांनी, छड्या खाल्ल्या पाशाभाईनं. सात. मारणारे गुरुजी. इतक्या वर्षांत सरांनी कबुली दिलेली नाही आणि गुरुजींनी माफी मागितलेली नाही. "पुरावा तुझ्या हातात होता," गुरुजी आजही म्हणाले. पुरावा म्हणजे सोडियम ठेवायची रॉकेलची बाटली. ती सरांनीच त्याला धरायला दिली होती.

विषय टाळायला सरांनी मोबाइल टेबलावर उभा केला. व्हिडिओ जपानचा होता. ई-डिफेन्स या भूकंपाच्या प्रयोगशाळेचं 20 मीटर बाय 15 मीटरचं हलणारं टेबल, त्यावर खरं घर, आणि खालून भूकंप. भांडी, कपाटं, मग भिंत. "काय व्हिज्युअल आहे! शोमध्ये याचं छोटं मॉडेल—"

"आवाज बंद कर," अण्णा म्हणाला.

अण्णा म्हणजे टपरीवाला. तो सहसा बोलत नाही. त्याचं गाव किल्लारीच्या बाजूचं. 93 ला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, पहाटे चारला चार मिनिटं कमी होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचा भार. त्याच्या घरातलं आम्ही कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.

सरांनी आवाज बंद केला. पण व्हिडिओ चालूच होता आणि अण्णा गाळणी हातात धरून शेवटपर्यंत बघत राहिला. "ह्यात कुणी नसतंय ना आत?"

"नाही नाही. रिकामं असतं."

"बरं करतेत," म्हणून तो भांडं विसळायला गेला.

बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी गुरुजींनीच पॅरिसचा शिंपी काढला. 1912 ला आयफेल टॉवरवरून पॅराशूटचा कोट घालून उडी मारणारा. पोलिसांना सांगितलं होतं बाहुलं टाकतो म्हणून, टाकलं स्वतःला. 57 मीटर. कॅमेरे चालू होते. कोट उघडलाच नाही.

"बाहुल्यावरनं आठवलं," पाशाभाई परत रंगात आला. "टेस्टमधल्या बाहुल्याला पण पट्टा बांधतेत. अन् आपला माणूस? पट्ट्याची नुसती क्लिप आणतंय, खाचेत घालतंय, बीप बंद! बाहुल्याला जेवढी अक्कल—" तो थांबला. त्याची नजर कडेला लावलेल्या सरांच्या गाडीकडं गेली. आमच्या सगळ्यांचीच गेली. ड्रायव्हरच्या सीटशेजारी क्लिप चमकत होती.

"फिजिक्सचा सर!" पाशाभाई ओरडला. "न्यूटनचा पहिला नियम शिकवतंय अन् स्वतः काचेतनं बाहेर जायची तयारी!"

सर शांतपणे उठले. पहिल्यांदाच पॉइंट नंबर न देता बोलले.

"भाई, ही क्लिप मी कुठं घेतली?"

पाशाभाईनं कपात बघितलं. कप रिकामा होता.

"ऐंशी रुपये घेतलेस," सर म्हणाले. "वर म्हणालास, दोन घे, वहिनीच्या सीटला पण लाव."

गुरुजींना ठसका लागला. अण्णासुद्धा आतून हसला. पाशाभाईनं सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले. असं याआधी त्याच्या पोराच्या बारशाला झालं होतं.