खुर्चीपर्यंत पोचणारा पुरावा

देशाच्या प्रमुखावर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवावा का? चालवलाच पाहिजे. तो पदावर असो वा पायउतार झालेला, युद्ध जिंकलेला असो वा हरलेला. पण असं म्हणणारे आपण बहुतेक जण एका ठिकाणी घाई करतो. ढिगाऱ्याखालून काढलेल्या लेकरांचे फोटो पाहिले की वाटतं, पुरावा समोरच आहे, आता फक्त बेड्या ठोकायच्या राहिल्या. त्या फोटोंनी फार तर गुन्हा घडला एवढं सिद्ध होतं. राजधानीत बसलेल्या माणसाचा त्यात हात होता हे सिद्ध करायला वेगळाच पुरावा लागतो, आणि तो नसल्यामुळे मोठमोठे खटले आडवे झाले आहेत. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी कायदा. राष्ट्रप्रमुखाला कोणी हात लावू शकत नाही, हा समज मोडायला सुरुवात होऊन शंभर वर्षं झाली. 1919च्या व्हर्साय तहात कलम 227 खाली जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याच्यावर खटला भरायचं ठरलं होतं. नेदरलँड्सने त्याला ताब्यात द्यायला नकार दिला आणि तो 1941 साली डोर्न गावी, आपल्याच घरात वारला. नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्याचे नियम ठरवणाऱ्या 1945च्या लंडन सनदेने मात्र कलम 7 मध्ये लिहूनच टाकलं की राष्ट्रप्रमुखपद हा बचाव होणार नाही आणि त्यामुळे शिक्षाही कमी होणार नाही. हिटलरनंतर काही दिवस जर्मनीचा राष्ट्रप्रमुख असलेल्या कार्ल डोनित्झला न्यूरेंबर्गमध्ये 10 वर्षं झाली. हेच तत्त्व 17 जुलै 1998 रोजी मंजूर झालेल्या रोम कराराच्या कलम 27 मध्ये आहे. हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्याच करारावर उभं आहे.

इथे एक फरक बातम्यांमध्ये नेहमी गाळला जातो. पदावर असलेल्या परदेशी राष्ट्रप्रमुखाला दुसऱ्या देशाचं साधं कोर्ट पकडू शकत नाही. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावर बेल्जियमने काढलेलं वॉरंट आंतरराष्ट्रीय न्यायालयाने (हे देशादेशांमधले वाद ऐकणारं वेगळं न्यायालय) 2002 मध्ये याच कारणाने बेकायदा ठरवलं. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे मात्र हे संरक्षण चालत नाही, आणि पद गेल्यावर दुसऱ्या देशाच्या कोर्टातही ते बरंच पातळ होतं. चिलीचा हुकूमशहा पिनोशे याला 1998 मध्ये लंडनमध्ये अटक झाली ती तो माजी होता म्हणूनच.

आता मुद्द्याचं. नागरिक मेले म्हणजे आपोआप युद्धगुन्हा झाला, असं नसतं. हे कटू वाटेल, पण वकील तिथूनच सुरुवात करतो. तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: लक्ष्य लष्करी होतं का, नसेल तर ते नागरी आहे हे माहीत असून नेम धरला का, लष्करी असेल तर होणारी नागरी हानी अपेक्षित लष्करी फायद्याच्या मानाने उघडउघड जास्त होती का, आणि हे सारं हल्ल्याचा निर्णय घेतला त्या क्षणी हाती असलेल्या माहितीवरून जोखायचं, नंतर मोजलेल्या मृतदेहांवरून नाही. म्हणूनच बॉम्बफेकीचा खटला सर्वांत अवघड. त्या तुलनेत उपासमारीचं हत्यार करणं, युद्धकैद्यांना मारणं, माणसांना जबरदस्तीने हलवणं या गुन्ह्यांत 'चुकून झालं' म्हणायला जागा थोडी असते. पुतिन यांच्यावरचं 17 मार्च 2023 चं वॉरंट शहरांवरच्या क्षेपणास्त्रांसाठी निघालं नाही, युक्रेनची मुलं रशियात नेल्याबद्दल निघालं. त्यामागे हाच हिशेब दिसतो. मुलांना नागरिकत्व देणारे हुकूम सहीनिशी, जाहीरपणे निघालेले आहेत. इस्रायलचे पंतप्रधान नेतन्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यावरच्या 21 नोव्हेंबर 2024 च्या वॉरंटमध्येही उपासमारीचा आरोप ठळक आहे. गाझाचं अन्न-पाणी-वीज तोडण्याच्या घोषणा मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर केल्या होत्या.

नेत्यापर्यंत पोचायच्या कायद्यात मुख्य वाटा दोन. पहिली, रोम कराराचं कलम 25: हुकूम दिला, योजना आखली, चिथावलं, साधनं पुरवली. दुसरी, कलम 28: हाताखालच्यांनी गुन्हे केले आणि वरिष्ठाने रोखले नाहीत. या दुसऱ्या वाटेवर तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्या सैन्यावर त्याचा प्रत्यक्ष ताबा होता, नुसता कागदावरचा सरसेनापती नव्हता. त्याला माहिती होती. आणि रोखण्यासाठी किंवा शिक्षेसाठी त्याच्या हातात असलेले वाजवी उपाय त्याने केले नाहीत. दुसऱ्या मुद्द्यात एक खाच आहे. लष्करी कमांडरला 'माहीत असायला हवं होतं' एवढंही पुरतं. मुलकी नेत्याच्या बाबतीत त्याने स्पष्ट इशारा देणारी माहिती जाणूनबुजून दुर्लक्षिली, असं दाखवावं लागतं. राष्ट्राध्यक्ष यातल्या कुठल्या रकान्यात बसतो यावर अख्खा खटला फिरू शकतो.

हा पुरावा प्रत्यक्षात कसा दिसतो त्याची दोन उदाहरणं बघा. चाडचा हुकूमशहा हिसेन हबरे याच्या राजकीय पोलिसांच्या ओस पडलेल्या कचेरीत 2001 मध्ये हजारो कागद जमिनीवर विखुरलेले सापडले. कैद्यांच्या याद्या, मृत्यूचे दाखले, चौकशीचे अहवाल. त्यांत कोठडीत मेलेल्या किंवा मारलेल्या 1208 जणांची नावं होती, आणि 898 कैद्यांबद्दल थेट हबरेला पाठवलेली 1265 टिपणं. म्हणजे 'मला ठाऊक नव्हतं' हा दरवाजा बंद. त्याहून जड कागद वेगळाच होता. काही युद्धकैद्यांना रुग्णालयात हलवावं अशी रेडक्रॉसची विनंती होती, आणि तिच्यावर हाताने शेरा मारलेला: यापुढे मृत्यूखेरीज कोणत्याही युद्धकैद्याने तुरुंगाबाहेर पडायचं नाही. अक्षर हबरेचंच असल्याचा निर्वाळा हस्ताक्षरतज्ज्ञाने दिला. 30 मे 2016 रोजी सेनेगलच्या डाकारमधल्या विशेष न्यायालयाने त्याला युद्धगुन्हे, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि छळासाठी जन्मठेप दिली.

दुसरं उदाहरण बोस्नियातलं. तिथल्या सैन्याचे रेडिओ ऑपरेटर शत्रूची संभाषणं ऐकून, वेळ आणि फ्रिक्वेन्सीसह, साध्या वह्यांमध्ये हाताने उतरवून घेत. बचाव पक्षाने या वह्या बनावट ठरवायचा आटोकाट प्रयत्न केला. त्या टिकल्या, कारण नोंदी इतर पुराव्याशी ताडून पाहता आल्या आणि जुळल्या. 13 जुलै 1995 च्या रात्री, स्रेब्रेनिका पडल्यावर, बोस्नियन सर्बांचा अध्यक्ष कराजिच आणि त्याचा स्थानिक प्रतिनिधी यांच्यात मध्यस्थामार्फत झालेलं संभाषण असंच नोंदलं गेलं. 'माल' उद्या बाराच्या आत गोदामांत ठेवायचा, असा निरोप त्यात आहे. माल म्हणजे पकडून ठेवलेली माणसं, हे कोर्टाने आजूबाजूच्या पुराव्यावरून ठरवलं. कराजिचला 2016 मध्ये 40 वर्षं आणि अपिलात, 2019 मध्ये, जन्मठेप.

उलट बाजूला काँगोतल्या सशस्त्र गटाचा प्रमुख बेम्बा याचा खटला आहे. त्याच्या फौजांनी 2002-03 मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात खून, बलात्कार, लूट केली, याबद्दल फारसा वाद नव्हताच. 2016 मध्ये तो दोषी ठरला, 18 वर्षांची शिक्षा झाली, आणि 8 जून 2018 रोजी अपिलात 3 विरुद्ध 2 मतांनी सुटला. सैन्य परदेशात, सेनापती दुसऱ्याच देशात, अशा वेळी त्याच्या हातात नेमकं काय होतं, त्याने नेमलेल्या चौकशीला आणि लिहिलेल्या पत्रांना किती वजन द्यायचं, हे आधीच्या कोर्टाने नीट पाहिलं नाही असं बहुमत म्हणालं. मला हा निकाल पीडितांवर अन्याय करणारा वाटतो. देखाव्यापुरती चौकशी नेमली की सुटता येतं, असा धडा त्यातून पुढच्या सेनापतींनी घेतला असणार. पण पुढे खटला भरणाऱ्याला हा निकाल गृहीत धरूनच तयारी करावी लागेल: त्या चौकशांमध्ये कोणाला काय शिक्षा झाली, ती कोणत्या गुन्ह्यासाठी, याचं टिपण आधीपासून हवं.

केनियाच्या उहुरू केन्याटांवरचा खटला तर साक्षीदारांपायीच गेला. तो युद्धगुन्ह्यांचा नव्हता, निवडणुकीनंतरच्या हिंसाचाराचा होता, पण दुखणं तेच. साक्षीदार फिरले, लाच दिल्याचे आरोप झाले, मागितलेली फोन आणि पैशांची कागदपत्रं सरकारने पूर्ण दिली नाहीत. आरोपी स्वतःच राष्ट्राध्यक्ष असेल तर कागद मागायचे कोणाकडे? डिसेंबर 2014 मध्ये आरोप मागे घेतले गेले.

व्हिडिओंबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपण सगळे ते शेअर करतो. लिबियातला कमांडर वेरफल्ली याच्यावरचं 2017 चं वॉरंट मुख्यतः सोशल मीडियावरच्या, माणसं गोळ्या घालून मारल्याच्या व्हिडिओंवर निघालं. म्हणजे व्हिडिओ कामाचा असतो, पण तो मूळ रूपात हवा. व्हॉट्सॲपवरून फॉरवर्ड केला की फाइल दाबली जाते, केव्हा, कुठे, कोणत्या फोनवर काढला ही आतली माहिती जाते. वर संगीत चढवलं, लोगो चिकटवला, सुरुवातीची दहा सेकंदं कापली, की बचाव पक्षाचा वकील खूश. जपायची ती पहिली फाइल, न उघडता-न बदलता, तिचा हॅश क्रमांक (फाइल बदलली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) काढून, आणि ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याच्या लेखी नोंदीसह. कॅमेरा सावकाश चारही दिशांना फिरवलेला असेल तर मिनार, टेकडी, वळण यांवरून जागा पक्की करता येते. साक्षीदाराचंही तसंच आहे. पाच पत्रकार आणि तीन संस्थांनी त्याच बाईकडून तीच कहाणी वदवून घेतली की आठ कथनं तयार होतात, त्यांत तारखा आणि गणवेशाचे रंग बदलतात, आणि उलटतपासणीत तिलाच खोटं पाडलं जातं. तिचं भलं करायला गेलेल्यांनीच हे केलेलं असतं. अशा वेळी फक्त नाव, संपर्क आणि तिने काय पाहिलं याची दोन ओळींची नोंद करावी, सविस्तर जबाब तपास अधिकाऱ्यावर सोडावा.

वॉरंट निघालं म्हणजे गुन्हा शाबीत झाला, असंही नाही. वॉरंटला 'मानण्यास वाजवी कारण' पुरतं, आरोपनिश्चितीला त्याहून भक्कम आधार लागतो, शिक्षेला वाजवी शंकेपलीकडचा. हेगच्या न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत आणि आरोपी गैरहजर असताना खटला चालवता येत नाही. त्यामुळे सगळं सदस्य देशांच्या हातात. सुदानचा राष्ट्राध्यक्ष बशीर याच्यावर 2009 पासून वॉरंट होतं. जून 2015 मध्ये तो दक्षिण आफ्रिकेत होता, प्रिटोरियाच्या हायकोर्टाने त्याला देश सोडू देऊ नका असं बजावलं होतं, आणि तरी त्याचं विमान लष्करी तळावरून उडालं. पुतिन सप्टेंबर 2024 मध्ये मंगोलियाला गेले, नेतन्याहू एप्रिल 2025 मध्ये हंगेरीला. दोन्ही देश तेव्हा सदस्य होते, दोघांनी हात लावला नाही. पण पुतिन 2023 मध्ये जोहान्सबर्गच्या ब्रिक्स परिषदेला गेलेच नाहीत, हेही खरं. वॉरंटला मुदत नसते. लायबेरियाचा राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याच्यावरचं, सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाचं आरोपपत्र तो पदावर असताना, 4 जून 2003 रोजी उघड झालं. ऑगस्टमध्ये पद सोडून तो नायजेरियाच्या आश्रयाला गेला, मार्च 2006 मध्ये कॅमेरूनच्या सीमेवर पकडला गेला आणि 2012 मध्ये त्याला 50 वर्षांची शिक्षा झाली.

टेलरच्या या तारखांमध्ये आणखी एका आक्षेपाचं उत्तर आहे. नेत्यावर आरोप ठेवले तर तो तह करणार नाही, युद्ध लांबेल, असं म्हणतात. आरोपपत्र उघड झालं त्या दिवशी टेलर घानात शांतता-बोलणीलाच आला होता. अडीच महिन्यांत, 18 ऑगस्टला, लायबेरियाचा शांतता करार झाला. युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष मिलोसेविच याच्यावर आरोप मे 1999 अखेरीस जाहीर झाले, कोसोव्होतलं युद्ध जूनमध्ये थांबलं. आरोपांमुळेच थांबलं असा माझा दावा नाही. पण आरोप ठेवल्याने शांतता बुडते, हा दावाही या दोन ठिकाणी टिकत नाही. शिवाय कलम 16 खाली सुरक्षा परिषद कारवाई 12 महिने थांबवू शकते.

खरा बोचरा आक्षेप पक्षपाताचा. दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोत जपानचा सम्राट हिरोहितो याला खटल्याबाहेर ठेवलं गेलं, आणि जेत्यांचे गुन्हे कोर्टापुढे आलेच नाहीत. न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी भिन्नमतपत्रात जेत्यांच्या या न्यायावर सडकून लिहिलं. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार असलेल्या पाचांपैकी अमेरिका, रशिया आणि चीन रोम करारात नाहीत. पुतिन यांच्यावरच्या 2023च्या वॉरंटचं स्वागत करणाऱ्या वॉशिंग्टनने 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या अभियोक्त्यावर आणि न्यायाधीशांवर निर्बंध लादले. हे संतापजनक आहे आणि तसं स्पष्ट म्हटलं पाहिजे. पण एक चोर सुटला म्हणून दुसऱ्यालाही सोडा, हा न्याय कुठल्याही फौजदारी कोर्टात चालत नाही. आपल्या आवडत्या बाजूच्या नेत्याचं नाव वॉरंटवर आल्यावरही जो तेच कलम वाचून दाखवतो, त्याचंच बोलणं मी या विषयात मनावर घेतो.

आणि सार्वभौमत्वाची काळजी असणाऱ्यांसाठी कलम 17 आहे. देशाने स्वतः प्रामाणिक तपास केला तर हेगला बाजूला व्हावं लागतं. अट अशी की तपास त्याच माणसाचा आणि त्याच कृत्याचा हवा. चार शिपायांना कोर्टमार्शल करून संरक्षणमंत्र्याचं प्रकरण मिटत नाही. ही वाट खरोखर चालते. गद्दाफीचा गुप्तचरप्रमुख सनुसी याच्यावर लिबिया स्वतः खटला चालवतोय असं मान्य करून हेगने 2013 मध्ये त्याचं प्रकरण सोडून दिलं. त्याच वर्षी गद्दाफीच्या मुलाच्या, सैफच्या बाबतीत मात्र नकार दिला, कारण त्याला सशस्त्र गटाच्या ताब्यातून कोर्टात आणणंही सरकारला जमत नव्हतं.