मेलेल्या लेकराच्या जागी आपण झोपायचं नसतं

आज सकाळी एका ग्रुपवर आय वेवे या चिनी कलाकाराचा तो फोटो पुन्हा आला. ग्रीसच्या लेस्बॉस बेटाच्या गोट्यांवर तो पालथा पडलाय, समुद्रात बुडून मेलेल्या आलान कुर्दी या सीरियन निर्वासित लेकरासारखा. खाली 'निःशब्द', 'निःशब्द'ची रांग. डोकं फिरलं माझं.

सप्टेंबर २०१५ मध्ये आलान तुर्कस्तानात बोद्रुमच्या किनाऱ्यावर वाहून आला. निलुफर देमिर या छायाचित्रकर्तीने त्याचा फोटो काढला, जग हललं. पाच महिने होत नाहीत तोच हा जगप्रसिद्ध माणूस त्याच्या जागी झोपला आणि ते छायाचित्र दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरमध्ये लागलं. लेकरू कुठे गेलं त्यातून?

माझा मामा कर्जापायी गेला. तेरवीच्या आधीच चौकात एका पक्षाचा फ्लेक्स लागला. नेता हा एवढा मोठा, कोपऱ्यात मामा. लग्नातल्या फोटोतून मामीला कापलं होतं, पण तिच्या पदराचं टोक मामाच्या दंडाशी राहून गेलं होतं. मामी म्हणाली, काढा. तर म्हणे, "वहिनी, तुमच्यासाठीच तर लढतोय."

मान्य, आय वेवेने निर्वासितांसाठी काम केलंय. बर्लिनच्या कॉन्झर्टहाउस या संगीतगृहाच्या खांबांना त्याने निर्वासितांची १४ हजार लाइफ जॅकेटं बांधली, ते मला भिडलं होतं. तिथे तो स्वतः मध्ये नव्हता.

१९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्यांनी हाल करून मारलं. त्याच्या आईने, मॅमी टिलने, शवपेटी उघडी ठेवली. जगाने बघावं, हे आईने ठरवलं. २०१६ मध्ये डॅना शुट्झ या गोऱ्या चित्रकर्तीने तोच चेहरा रंगवला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी बिएनाले या कलाप्रदर्शनात पार्कर ब्राइट हा कृष्णवर्णीय कलाकार त्या चित्रासमोर उभा राहिला, लोकांची नजर अडवत. चित्र नष्ट करा म्हणणारेही होते, ते मला पटत नाही. पण ब्राइटचं उभं राहणं कळतं. मामीला फ्लेक्ससमोर असं उभं राहता आलं नाही. ती मागच्या गल्लीने बाजाराला जायची.

गेरहार्ड रिख्टर या जर्मन चित्रकारानेही कुणाला विचारलं नसेल. पण १९७७ साली जर्मनीतल्या श्टामहाइमच्या तुरुंगात मेलेल्या डाव्या अतिरेक्यांची चित्रं त्याने १९८८ मध्ये केली, तीही करडी, पुसट. अकरा वर्षं गेली होती मध्ये. त्या चित्रांपुढे माझा राग उतरतो. मामाचा फोटो कुणी असा हाताळला असता तर मामीने निदान वळून पाहिलं असतं.

ज्यांनी आज तो फोटो टाकलाय त्यांनी काढा. नाहीतर शेजारी आलानचं नाव तरी लिहा, आय वेवेच्या आधी.