‘एसयूव्ही सांगून उंच हॅचबॅक विकली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

राम राम भाऊ. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ‘एसयूव्ही सांगून उंच हॅचबॅक दिली, बागेच्या रस्त्यात रुतली, आरसीवर तर सलून लिहिलंय’ असं तुमचं म्हणणं. जळगाव भागात जुनी गाडी बघणारे बरेच जण हेच विचारतात, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आरसीचं आधी. ‘सलून’ म्हणजे इंग्रजीत सेडानचंच दुसरं नाव, पण बॉडी टाइपच्या रकान्यात ते साध्या हॅचबॅकच्या आरसीवरही सापडतं. त्यावरून फसवणूक ठरत नाही.

हॅचबॅक आणि सेडान बाहेरून ओळखू येतात. स्विफ्टचं मागचं दार काचेसकट वर उचललं जातं, डिझायरची डिकी वेगळी. एसयूव्हीचं मात्र वरून काहीच कळत नाही, खाली वाकून बघावं लागतं. बोलेरोला खाली शिडीसारखी लोखंडी चासी आहे, बॉडी तिच्यावर बसवलेली, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. तुमच्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत तळ आणि बॉडी एकसंध, म्हणजे मोनोकॉक, आणि जोर पुढच्या चाकांना. क्रेटासुद्धा मोनोकॉकच आहे, तिला कोणी हॅचबॅक म्हणत नाही. लांबीवर तर जाऊच नका. डिझायरची डिकी २०१२ मध्ये आखूड झाली ती ४ मीटरच्या आतल्या गाडीला कर कमी म्हणून, आणि आजची बोलेरोही ४ मीटरच्या आतच आहे.

आता रुतण्याचं. उंची दगडाला, गतिरोधकाला, खड्ड्याला कामी येते. पावसात आपल्या काळ्या मातीचा गारा टायरच्या नक्षीत भरला की चाक जागेवरच फिरतं. त्यात डिकीत खताच्या गोण्या असल्या की पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि उरलीसुरली पकडही जाते. अशा गाऱ्यात फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर, नसलेली बोलेरोही अडकू शकते.

हे सगळं सौद्याआधी गाडी रॅम्पवर चढवून आम्ही दाखवलं होतं. तेव्हा तुम्हाला घरच्यांना घेऊन अजिंठ्यामार्गे संभाजीनगरला जायला आरामशीर गाडी हवी होती. त्या कामाला हीच गाडी योग्य, हे माझं आजही ठाम मत आहे.

रोज केळीच्या बागेपर्यंतच न्यायची असेल तर बोलेरो बघा. गाडी घेऊन या, तपासून एक्सचेंजचा भाव त्याच दिवशी लेखी देतो. तोवर पुढचे टायर गुळगुळीत झालेत का तेवढं बघून घ्या, आणि ओल्या शिवारात गोण्या नेऊ नका.