तीन मिनिटांचं फोमचं खेळणं?

रिमोटवर उडणारं इलेक्ट्रिक जेट मॉडेल घेऊ पाहणाऱ्याला एक फुकटचा सल्ला हमखास मिळतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय ठरलेला असतो. हे जेट नव्हेच, नळीत बसवलेला पंखा आहे. आवाज हेअर ड्रायरसारखा येतो. तीन मिनिटांत बॅटरी संपते, आणि ते नको असेल तर मोठी बॅटरी लावावी. जायरो, म्हणजे विमान आपोआप तोलून धरणारं यंत्र, असल्यामुळे उडवायला अक्कल लागत नाही. आणि शेवटी फोमचंच, त्यामुळे कुणाला लागायची भीती नाही. एकूण काय, तर खेळणं. टर्बाइन, म्हणजे केरोसीन जाळणारं छोटं जेट इंजिन, परवडत नाही त्यांच्या मनाचं समाधान.

मी अशी विमानं बरीच वर्षं उडवतो आहे आणि त्यातली दोन माझ्याच हाताने जमिनीत घातली आहेत. त्यामुळे या सल्ल्याचा राग येण्यापेक्षा मला त्याची धास्ती वाटते. माझ्या विमानाला कुणी खेळणं म्हणत असेल तर म्हणो बापडा. पण खेळणं समजून घेणारा माणूस ते खेळण्यासारखंच हाताळतो, आणि घात तिथे होतो.

‘हे जेट नव्हेच’

आत पंखा आहे, यात वाद नाही. विजेची मोटर, तिच्यावर दहा-बारा पात्यांचा छोटा पंखा आणि त्याभोवती जेमतेम फट सोडून बसवलेली नळी, याला ईडीएफ म्हणतात. पण पंखा आहे म्हणून जेट नाही, हे कुणी ठरवलं? इटलीचं काप्रोनी काम्पिनी एन-१ हे विमान २७ ऑगस्ट १९४० रोजी उडालं. त्यात टर्बाइन नव्हतं. साधं पिस्टन इंजिन पोटातला कॉम्प्रेसर फिरवायचं आणि हवा झोताने मागून बाहेर पडायची. जास्त जोर हवा असेल तेव्हा त्या झोतात इंधन जाळायची सोय होती. हवाई विक्रम नोंदवणाऱ्या एफएआय या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या वेळी हेच पहिलं यशस्वी जेट उड्डाण मानलं. कारण जर्मनीचं हाइन्केल एचई-१७८ बरोबर वर्षभर आधी, २७ ऑगस्ट १९३९ ला, टर्बोजेटवर उडालं होतं खरं, पण ती गोष्ट बाहेर फुटली नव्हती.

आजच्या प्रवासी विमानांकडे पाहा. नव्या पिढीच्या काही इंजिनांत गाभ्यातून जाणाऱ्या १ किलो हवेमागे ११-१२ किलो हवा नुसती पुढच्या पंख्यातून ढकलली जाऊन बाजूने मागे जाते. विमान ओढून नेण्याचं बहुतेक काम त्या थंड हवेचंच. आणि एअरबसच्या ई-फॅन या विमानाने १० जुलै २०१५ रोजी इंग्लिश खाडी ओलांडली ती बॅटरीवर, धडाच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या दोन नळीबंद विजेच्या पंख्यांच्या जोरावर.

टर्बाइन ते टर्बाइनच, हे मीही मानतो. केरोसीनचा तो वास आणि सुरू होतानाची चढत जाणारी शीळ यांची सर मोटरला नाही. पण ती आवडीची गोष्ट झाली, व्याख्येची नव्हे.

‘हेअर ड्रायरचा आवाज’

एके काळी खरं होतं. पंखा मिनिटाला ३६,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ६०० झाले. जुन्या पंख्याला पाती ५, म्हणजे सूर ३,००० हर्ट्झचा. माणसाचा कान नेमका त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट. १२ पात्यांच्या पंख्याचा सूर ७,२०० हर्ट्झवर जातो, केकाटणं कमी होतं आणि हवेची सळसळ जास्त ऐकू येते. विषय संपला.

‘तीन मिनिटांत बॅटरी संपते’

हा आकडा हवेतून आलेला नाही, त्यामुळे तो नीट उकलायला हवा. ८० मिलिमीटरचा पंखा असलेल्या विमानात सहसा ६ सेलची, ५००० एमएएचची (म्हणजे ५ अँपिअर-तासांची) लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटरी असते. पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे मोटरच्या जोराची दांडी पूर्ण पुढे केल्यावर, असा पंखा १०० अँपिअरच्या आसपास खेचतो असं धरू. ५ अँपिअर-तास भागिले १०० अँपिअर, म्हणजे बॅटरी ठणठणीत रिकामी व्हायला बरोबर ३ मिनिटं. लायपो तशी रिकामी करायची नसते, ८० टक्के, म्हणजे ४ अँपिअर-तास, वापरून थांबायचं. मग उरतात २ मिनिटं २४ सेकंद. म्हणजे सल्ला देणाऱ्याने उलट अर्धं मिनिट जास्तच सांगितलं!

पण हा हिशोब थ्रॉटल पुढे दाबून धरून बसणाऱ्याचा झाला. पंख्याचं गणित वेगळं चालतं. जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. त्यामुळे जोर निम्मा केला की वीज निम्मी नाही, जवळजवळ ३५ टक्क्यांवर येते. सरळ, आरामात उडायला पूर्ण जोर कधीच लागत नाही. १०० अँपिअरचे ३५ झाले की त्याच ४ अँपिअर-तासांत पावणेसात मिनिटं निघतात. प्रत्यक्षात उड्डाण घेताना आणि उभं चढताना पूर्ण थ्रॉटल, वळणात मध्यम आणि खाली येताना थोडा, अशी सरासरी ५० अँपिअरच्या आगेमागे पडते. पावणेपाच मिनिटं झाली. मी टायमर चारला लावतो, कारण उतरणं पहिल्या खेपेला जमेलच असं नाही, आणि दुसऱ्या खेपेसाठी वीज राखून ठेवावी लागते.

आता उलट बाजूही सांगतो. तेवढ्याच बॅटरीवर प्रोपेलरचं विमान जास्त वेळ उडेल. मोठा प्रोपेलर पुष्कळ हवा हळू ढकलतो, छोटा पंखा थोडी हवा फार जोराने फेकतो, आणि मागे वेगाने निघून जाणाऱ्या हवेबरोबर शक्तीही वाया जाते. वेळच मोजायचा असेल तर ग्लायडर घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही.

पण चार मिनिटं म्हणजे किती, हे ज्याने स्टिक हातात धरली आहे त्याला विचारा. सेकंदाला ४० मीटर वेगाने विमान ३०० मीटरचं मैदान साडेसात सेकंदांत पार करतं. म्हणजे दर साडेसात सेकंदांनी वळण. मीटरभर पंखांचं विमान तेवढ्यात ठिपक्याएवढं होतं आणि ते आपल्याकडे येतंय की लांब जातंय, हे ओळखायला क्षणभर उशीर झाला तरी संपलं. चौथ्या मिनिटाला बॅटरीआधी माझं लक्ष संपत आलेलं असतं. खोटं कशाला बोलू, ते उतरलं की हायसं वाटतं.

आणि एक. टायमर बॅटरीचं वय ओळखत नाही. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध ३ मिलिओहमच्या घरात असतो. सहा सेल म्हणजे १८ मिलिओहम, आणि १०० अँपिअरला १.८ व्होल्ट तिथेच गळतात. त्याची उष्णता होते १८० वॉट, म्हणजे साठाचे तीन जुने बल्ब बॅटरीच्या पोटात लावल्यासारखं. बॅटरी म्हातारी झाली आणि रोध दुप्पट झाला की हे सगळं दुप्पट. वेष्टनावर ‘सी’चा आकडा, म्हणजे बॅटरी किती जोराने वीज देईल त्याचा दावा, किती मोठा छापलाय याने मी हुरळून जात नाही, चार्जर रोध किती दाखवतो ते पाहतो.

‘मग मोठी बॅटरी लावा’

माझं पहिलं जेट याच सल्ल्याने गेलं. विमान ३ किलोचं. कुणीतरी म्हणालं, आत जागा आहे, वरच्या मापाची बॅटरी बसते. बसलीही. ३०० ग्रॅम वाढले. गुरुत्वमध्य पुढे गेला, म्हणून मी बॅटरी जमेल तेवढी मागे सरकवली आणि ‘थोडंसं पुढेच आहे, चालतंय’ म्हणून सोडून दिलं. हवेत ते झकास चाललं. उतरताना नेहमीच्याच वेगाने आणलं, कारण डोळ्यांना तीच सवय होती. धावपट्टीच्या अलीकडे दोन पुरुष उंचीवर डावा पंख एकदम खाली गेला आणि नाक जमिनीत.

नंतर कागदावर मांडलं तेव्हा कळलं. वजन १० टक्के वाढलं की स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) वाढतो वर्गमुळाने, म्हणजे जेमतेम ५ टक्के. एवढ्याने काय होतंय, असं वाटतं. पण माझा उतरण्याचा वेग स्टॉलच्या वर तेवढाच होता. शिवाय टेकताना चाकांवर येणारी ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे २१ टक्के जास्त. नीट टेकवलं असतं तरी चाकांच्या पायांनी कुरकुर केलीच असती. आणि मिळवलं काय? जास्तीचं वजन पेलायला जास्तीचा थ्रॉटल लागतो, म्हणून वाढीव बॅटरीतला काही वाटा ती बॅटरी उचलण्यातच जातो. विमान ज्या मापाच्या बॅटरीसाठी काढलंय तीच लावा. तीत दोन-अडीचशे एमएएच इकडेतिकडे, त्यापलीकडे नाही.

‘जायरो आहे, कुणीही उडवेल’

हा सगळ्यात महागात पडणारा मुद्दा. जायरो वाऱ्याचे धक्के पुसून टाकतो, विमान रुळावरून चालल्यासारखं दिसतं. नवख्याला वाटतं, आपल्याला जमलं. पण जायरोला वेग कळत नाही. विमान मंद होत स्टॉलकडे जातं तेव्हा एक पंख पडायला लागतो. जायरो इमानेइतबारे त्या बाजूचा एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, खाली करतो, पंख उचलायला. आधीच हवेशी झगडणाऱ्या पंखाच्या टोकाचा कोन त्याने आणखी वाढतो आणि तो पंख पुरता सुटतो. धक्के बसत असते तर तुम्हाला आधीच शंका आली असती. जायरोने ती सूचनाही गिळली.

प्रोपेलरवर शिकलेल्याच्या हाताला इथे आणखी एक सवय नडते. प्रोपेलर पुढे असतो, त्याची हवा पंखांच्या मुळांवरून आणि शेपटीवरून जाते. मंद झालं, थ्रॉटल मारला, की एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) लगेच जिवंत. जेटमध्ये पंख्याची हवा थेट मागच्या भोकातून बाहेर पडते, शेपटीला तिचा स्पर्श नाही. शिवाय पंखा फेरे धरेपर्यंत क्षणभर जातो. थ्रॉटल दिला तरी विमानाने प्रत्यक्ष वेग घेईपर्यंत एलिव्हेटर आणि रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) मलूलच. म्हणून पुन्हा वर जायचं की उतरायचं, हे धावपट्टीच्या पुष्कळ आधी ठरवावं लागतं आणि थ्रॉटल चाकं टेकेपर्यंत शून्यावर न्यायचा नसतो. थोडा जोर ठेवायचा, खाली येण्याचा दर थ्रॉटलने आणि वेग एलिव्हेटरने सांभाळायचा. उड्डाणालाही हाच न्याय: वेग धरायला धावपट्टी जास्त लागते, आणि लांब गवतात छोटी चाकं अडकली तर तो वेग येतच नाही.

जायरो वापरू नका असं म्हणत नाही, मी वापरतो. फक्त उडवण्याआधी विमान हातात धरून उजवीकडे कलवा. उजवा एलेरॉन खाली गेला पाहिजे. वर गेला तर जायरो उलटा लागलाय, आणि तो प्रत्येक चूक दुरुस्त करण्याऐवजी वाढवत नेईल.

‘फोमचंच तर आहे’

३ किलो, सेकंदाला ४० मीटर. ऊर्जा झाली २,४०० जूल. तेच वजन ८० मीटर उंचीवरून सोडल्यासारखं. फोम आहे तो कातडीला, आत मोटर आहे, बॅटरीची वीट आहे. माणसांच्या डोक्यावरून एकदाही नेऊ नये, ‘पटकन’सुद्धा.

पंखा आत आहे म्हणून बोट सुरक्षित, हाही गोड समज. ८० मिलिमीटरच्या त्याच पंख्याची टोकं ३६,००० फेऱ्यांना सेकंदाला १५० मीटरने, म्हणजे ताशी ५४० किलोमीटरने फिरतात. हवेच्या तोंडाशी गळ्यातली दोरी, ओढणी, खडे, काहीही खेचलं जातं. पात्याचा तुकडा उडालाच तर तो पंखा फिरतो त्या पातळीत, बाजूला जातो. जमिनीवर चाचणी घेताना त्या रेषेत उभं राहायचं नाही. आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू, थ्रॉटल कट (मोटर अडवून ठेवणारं बटण) लावलेला, विमान कुणीतरी धरलेलं किंवा अडवलेलं, मग बॅटरी. बंद करताना बरोबर उलट. सिग्नल गेला तर मोटर बंद होते का, हे फेलसेफ प्रत्यक्ष लावून बघावं, गृहीत धरू नये.

आणि बॅटरी. तीत १११ वॉट-तास, म्हणजे सुमारे चार लाख जूल भरलेले असतात. वर सांगितलेल्या धडकेच्या दीडशेपटीहून जास्त. फुगलेली बॅटरी ‘अजून दोनदा चालेल’ म्हणून चार्जला लावणाऱ्याला माझा हात जोडून नमस्कार. ५००० एमएएचला ५ अँपिअरने चार्ज, नजरेसमोर, जळणार नाही अशा जागी. आणि त्या दिवशी उडवायचं राहिलं तर भरलेली ठेवू नये, सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावेत.

हे सगळं ऐकून लोक विचारतात, मग घ्यावं की नाही? धडाच्या खालच्या बाजूला पंख असलेलं, एलेरॉनचं प्रोपेलरचं विमान आडव्या वाऱ्यात ठरवलेल्या जागी दहापैकी आठ वेळा उतरवता येत असेल तर जरूर घ्या. मग पहिल्या उड्डाणात टायमर अडीच मिनिटांवर लावा. भरपूर उंचीवर चाकं आणि फ्लॅप (मंद वेगात पंखाला जास्त उचल देणाऱ्या पट्ट्या) खाली काढून थ्रॉटल हळूहळू कमी करा, पंख कधी आणि कोणत्या बाजूला पडतो ते दोनदा पाहून घ्या. उतरल्यावर बॅटरीला पाच मिनिटं विसावा द्या आणि प्रत्येक सेलचे व्होल्ट मोजा. ३.८ च्या वर असतील तर पुढच्या खेपेला टायमर वीस सेकंदांनी वाढवा.