पन्नास डॉलरांचा खेळ

'व्हॉट्स माय लाइन?' हा अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९५० ते १९६७ या काळात दर आठवड्याला चाललेला कार्यक्रम मला टीव्हीवरील सर्व बक्षिसी खेळांमध्ये श्रेष्ठ वाटतो, आणि त्याचे मुख्य कारण असे की त्यात जिंकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. समोर बसलेल्या पाहुण्याचा व्यवसाय कोणता, हे चौघांच्या पॅनेलने केवळ होय-नाही उत्तराचे प्रश्न विचारून ओळखायचे. प्रत्येक 'नाही'मागे पाहुण्याला ५ डॉलर मिळत आणि दहा 'नाही' झाले की खेळ संपे. म्हणजे मोठ्यात मोठी कमाई ५० डॉलर.

१९५५ साली ६४ हजार डॉलरांच्या बक्षिसाची प्रश्नमंजूषा आली, तिच्या मागोमाग 'ट्वेंटी-वन' आली, आणि प्रेक्षक खिळून राहावेत म्हणून स्पर्धकांना आधीच उत्तरे पुरवण्यापर्यंत निर्मात्यांची मजल गेली. १९५९ मध्ये 'ट्वेंटी-वन'मधील स्पर्धक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याची कबुली दिली. 'व्हॉट्स माय लाइन?'ला असल्या बनावाची गरजच नव्हती, कारण तिथे हार-जीत नव्हे, तर विचारणाऱ्याची बुद्धी आणि सांगणाऱ्याचे काम पाहण्यासारखे होते.

सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली हे मूळचे पत्रकार. 'होय' किंवा 'नाही' एवढ्याने दिशाभूल होईल असे वाटले की ते एक लांबलचक, वळणावळणाचे पण व्याकरणशुद्ध वाक्य उच्चारून शंका मिटवीत, आणि ती वाक्ये ऐकण्यासाठीच मी जुने भाग पुनःपुन्हा पाहते. पॅनेलवरच्या प्रकाशक बेनेट सर्फ, अभिनेत्री अर्लीन फ्रान्सिस आणि स्तंभलेखिका डोरोथी किलगॅलन यांच्यापैकी किलगॅलन यांची प्रश्नांची साखळी मला सर्वांत तल्लख वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. एखादी स्त्री 'पुरुषी' समजले जाणारे काम करते, एवढ्यावरच पुष्कळदा हशा पिकवला जाई. तरीही त्या स्त्रीला नाव सांगून, सन्मानाने बसवून, तिच्या कामाविषयी देशासमोर बोलू दिले जात होते, हे त्या काळाच्या मानाने मी मोलाचे मानते.

सुरुवातीच्या वर्षांतील बहुतेक भाग जपले गेले नाहीत, ही हानी भरून येणारी नाही. उरलेल्यांपैकी १९५७ मधला चित्रकार साल्वादोर दाली यांचा भाग अवश्य पाहावा: प्रसिद्ध पाहुणा पाहताच ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या पॅनेलच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ते 'होय' म्हणतात, आणि खुलासे करता करता डेली यांची दमछाक होते.